फॉन्टची यादी ‘डी’वर का अडकायची : एका डीटीपी दुकानातलं प्रकरण

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावात कोर्टाच्या मागच्या बोळात एक टायपिंग आणि डीटीपीचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, कॉलेजच्या मुलांचे प्रकल्प, लग्नसराईत पत्रिकांचा मजकूर आणि पावसाळा संपत आला की एका छोट्या दिवाळी अंकाची पानं, असं तिथलं काम. गावाचं आणि माणसांचं नाव इथं देत नाही. दुकान काकांचं, कीबोर्डवर ताई. मी त्यांचा ‘कंप्युटरवाला दादा’, म्हणजे बिघडलं की फोन येतो तो माणूस.

ताईंच्या टेबलावरच्या संगणकात विंडोज १० आणि लिहायला लिबरऑफिसचं रायटर. त्याच संगणकावर काकांचं लॉगिन वेगळं, हिशेबासाठी; ताईंचं वेगळं. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला. मी तो पहिल्याच दिवशी ऐकला आणि त्याचा भलताच अर्थ लावला.

मराठी टायपिंग तिथं दोन तऱ्हेचं चालतं. जुन्या गिऱ्हाइकांच्या फायली जुन्या फॉन्टांत, टायपरायटरच्या कळफलकावर हात बसलेल्या काळातल्या. नवं काम युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, कारण ऑनलाइन अर्जात दुसरं काही चालतच नाही. छापखान्याला मात्र अजून जुन्या फॉन्टातलीच फाईल हवी असते. त्यामुळे एकाच फाईलमध्ये दोन्ही तऱ्हांचा मजकूर शेजारी शेजारी नांदतो. डोळ्यांना दोन्ही मराठीच दिसतात.

अडचण

ताईंचा फोन आला : “दादा, फॉन्टचा मेनू येड्यासारखं करतोय. मधेच अडकतो, मग सगळंच बंद पडतं. आणि कधी कधी फॉन्ट बदलला तरी अक्षर तेच राहतं. नाव बदलतं, अक्षर नाही. काकांच्या लॉगिनवर मात्र नीट चालतं हो.”

एका दमात तीन गोष्टी सांगितल्या त्यांनी. मी वहीत एकच ओळ लिहिली : ‘फॉन्ट मेनू गडबड’. तिथंच पहिली चूक झाली. यादी अडकणं हा एक आजार आणि नाव बदलून अक्षर न बदलणं हा दुसरा. दोन्हींची कारणं एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेली निघाली, पण ती मला पाच दिवसांनी कळली, कारण मी दोन्हींना एकच औषध शोधत होतो.

तिसरी गोष्ट, काकांच्या लॉगिनवर चालतं ही. एका लॉगिनवर चालतं आणि दुसऱ्यावर नाही, म्हणजे प्रोग्राम ठीक आहे, बिघाड त्या वापरकर्त्याच्या हद्दीत आहे. इथवर माझा तर्क बरोबर होता. पण ‘वापरकर्त्याची हद्द’ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर फक्त लिबरऑफिसचं प्रोफाइल, म्हणजे त्या माणसाच्या सेटिंगांचं फोल्डर, आलं. त्या हद्दीत आणखी काय काय असतं, याचा विचारच केला नाही.

पहिले दोन दिवस : जे करायला नको होतं

फोनवरच ताईंना म्हटलं, लिबरऑफिस काढून पुन्हा टाका. त्यांनी टाकलं. काही फरक नाही. पडणारही नव्हता, लिबरऑफिस काढलं तरी वापरकर्त्याचं प्रोफाइल जागेवरच राहतं आणि फॉन्ट तर विंडोजकडे असतात. हे मला माहीत होतं. तरी सवयीनं तोंडातून तेच निघालं.

संध्याकाळी दुकानात गेलो. हेल्प मेनूतून सेफ मोडमध्ये चालू केलं. या मोडमध्ये प्रोग्राम तात्पुरतं कोरं प्रोफाइल वापरतो, म्हणजे बिघाड गेला तर प्रोफाइल खराब आणि राहिला तर प्रोफाइल निर्दोष. चाचणी चांगली आहे. मी ती नीट केली नाही. यादी उघडली, वरची दहा-बारा नावं पाहिली, झटकन आली. “गेलं बघा,” म्हणालो. खाली सरकवून पाहिलंच नाही.

मग त्याच सेफ मोडच्या खिडकीत प्रोफाइल पूर्ण मूळ स्थितीत आणायचा पर्याय निवडला. त्याच खिडकीत प्रोफाइलची प्रत जपून ठेवायचं बटण होतं. ते दाबलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंचा फोन. यादी पहिल्यासारखीच अडकते. शिवाय त्यांचे ‘शॉर्टकट’ गेले. त्यांनी ऑटोकरेक्टमध्ये नव्वदेक लघुरूपं भरून ठेवली होती. ‘सप्र’ टाइप करून स्पेस दाबली की ‘सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की’ यायचं, ‘खसक’ला ‘खाली सही करणार’. कोर्टाच्या कामात त्यांचा निम्मा वेग त्यावर होता, आणि तो सगळा साठा प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये असतो. ताई रागावल्या नाहीत. “असू द्या, माझ्याकडे लिहिलेलं आहे,” एवढंच म्हणाल्या. लिहिलेलं होतं गेल्या वर्षीच्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानांवर, पेन्सिलनं. दोन दुपारी गेल्या ते परत भरायला.

समोरचे पर्याय

त्या दिवशी दुपारी दुकानात तिघं बसलो. आता कुठे मी शांतपणे यादी खाली सरकवली. इंग्रजी ए, बी, सी ठीक. डी सुरू झाल्यावर पडदा गोठला, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ आलं. बंद करून पुन्हा उघडलं. पुन्हा तिथंच.

काकांचं म्हणणं सरळ होतं : “एकदा फॉरमॅट मारा, झंझट मिटेल.” मिटलीही असती, एक आठवडा. मग ताईंनी पेन ड्राइव्हवरचे फॉन्ट पुन्हा टाकले असते आणि आपण परत इथंच बसलो असतो.

दुसरा पर्याय फॉन्टचा दर्शनी नमुना बंद करण्याचा. रायटर यादीतलं प्रत्येक नाव त्या त्या फॉन्टात काढून दाखवतं. म्हणजे नाव दिसायला तो फॉन्ट उघडून त्यातली अक्षरं रेखाटावी लागतात. टूल्स, ऑप्शन्स, लिबरऑफिस, व्ह्यू या वाटेनं गेलं की नमुना दाखवण्याची खूण काढता येते. काढली. यादी वरपासून खालपर्यंत लोण्यासारखी सरकली.

दुरुस्ती म्हणून हे अपुरं होतं, पण निदानाला पुरेसं होतं. नावं वाचताना अडत नाही, रेखाटताना अडतं. म्हणजे कुठलातरी फॉन्टच खराब आहे.

काका म्हणाले झालं काम. ताई म्हणाल्या नाही झालं. पत्रिकेचं गिऱ्हाईक शेजारी खुर्ची ओढून बसतं आणि “हे नको, जरा गोल अक्षराचं दाखवा” म्हणतं. नुसत्या इंग्रजी नावांवरून त्याला काय दाखवणार? मला ताईंचं पटलं. शिवाय खराब फॉन्ट यादीत ठेवून नुसता त्याच्यावर पडदा टाकला, तर एखाद्या दिवशी पीडीएफ काढताना तोच आडवा येणार. तेव्हा ठरलं असं : त्या आठवड्याचं कोर्टाचं काम नमुना बंद ठेवून उरकायचं आणि रविवारी दुकान बंद असताना फॉन्ट चाळायचे.

लिबरऑफिसचा पडदा रेखाटणारा स्किया हा भाग बंद करून पाहणं आणि विंडोजचा फॉन्ट कॅश, म्हणजे फॉन्टांच्या माहितीचा तात्पुरता साठा, पुसणं हेही केलं. स्कियानं काही झालं नाही. कॅशचा उपयोग झाला, पण नंतर, वेगळ्या कामाला.

चाळणी

रविवारी आधी साधा प्रश्न विचारला, जो पहिल्या दिवशी विचारायला हवा होता : हे कधीपासून होतंय? ताईंनी आठवून सांगितलं, एका पत्रिका डिझाइन करणाऱ्या मुलानं पेन ड्राइव्ह दिला होता, ‘सगळे फॉन्ट आहेत यात’ म्हणून. ताईंनी सगळे एकदम निवडून राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल’ केलं.

इथं ते लॉगिनचं कोडं सुटलं. विंडोज १० मध्ये नुसतं ‘इन्स्टॉल’ म्हटलं की फॉन्ट फक्त त्या वापरकर्त्यापुरता बसतो, त्याच्या स्वतःच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये. सगळ्यांसाठी हवा असेल तर त्याखालचा वेगळा पर्याय निवडावा लागतो. म्हणून काकांच्या लॉगिनला त्या ढिगाचा पत्ताच नव्हता. ताईंच्या फोल्डरमध्ये १,०८६ फाईली निघाल्या.

एवढ्यातून खराब एक शोधायचा तर एकेक उघडून पाहणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. अर्धे-अर्धे करत गेलं की दहा-अकरा फेऱ्यांत हाती लागतो, कारण दोनाचा दहावा घात १,०२४. ढीग बाहेर एका फोल्डरमध्ये काढून ठेवला आणि चाचणीसाठी विंडोजचं एक नवं लॉगिन तयार केलं. अर्धे बसवायचे, यादी तळापर्यंत सरकवायची, अडकली तर याच अर्ध्यात आहे, नाही तर दुसऱ्या. मग त्याचे पुन्हा दोन भाग. ताई वहीत आकडे लिहीत होत्या : ५४३, २७२, १३६, ६८. चहा दोनदा झाला. सतरा उरल्यावर ताईंनाच राहवेना, त्या एकेक फाईल दुहेरी क्लिक करून उघडायला लागल्या. नवव्या फाईलला विंडोजची फॉन्ट दाखवणारी खिडकीसुद्धा गोठली. शेजारच्या भावंड फायलींच्या मानानं ही फाईल आकारानं निम्मीही नव्हती. कधीतरी पेन ड्राइव्ह घाईनं उपसला गेला असणार आणि अर्धीच कॉपी झाली असणार.

ती वगळून बाकी सगळे परत बसवले. आता यादी डी ओलांडून गेली आणि ‘एस’वर अडकली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पण या वेळी दहा फेऱ्या मारल्या नाहीत. गोठण्याआधी दिसलेलं शेवटचं नाव टिपलं आणि वर्णक्रमानं त्यापुढच्या वीसेक फाईलीच तेवढ्या तपासल्या. दहा मिनिटांत सापडली. पहिल्या वेळीही हेच करता आलं असतं. यादी आपण होऊन बोट दाखवत होती. एक सावधगिरी मात्र हवी. फाईलचं नाव आणि यादीतलं नाव एक असेलच असं नाही. यादीत येतं ते फॉन्टच्या आत कोरलेलं नाव. आमच्या ढिगात ‘नवीन पत्रिका ३’ अशा नावानं साठवलेल्या फाईलचं आतलं नाव भलतंच होतं. म्हणून विंडोजच्या फॉन्ट खिडकीत वर लिहिलेलं नाव पाहून जुळवायचं.

त्याच ओघात आणखी एक सापडलं. तीन फॉन्ट असे होते की त्यांच्या प्रत्येकी दोन फाईली, आतलं नाव एकच, पण अक्षरांची वळणं वेगळी. एक सगळ्यांसाठी बसवलेला, एक ताईंपुरता. यादीत नाव एकदाच दिसायचं आणि उघडायचा कुठलाही. ‘कालची पत्रिका आज वेगळी दिसते’ ही ताईंची जुनी कुरबूर होती, ती इथं उलगडली.

काढलेल्या फॉन्टांची नावं यादीत तशीच रेंगाळत होती. तेव्हा विंडोजची फॉन्ट कॅश सेवा थांबवून, कॅशच्या फाईली पुसून संगणक पुन्हा चालू केला. मग ती गेली.

नाव बदलतं, अक्षर नाही

संध्याकाळी पाच वाजता काका कुलूप घेऊन आले, तेव्हा मी सामान आवरत होतो. ताई म्हणाल्या, “पण दुसरं तसंच आहे की.” त्यांनी दिवाळी अंकाचं एक पान उघडलं, एक परिच्छेद निवडला, यादीतून जुना एक फॉन्ट दिला. चौकटीत नाव बदललं. अक्षर जसंच्या तसं.

कर्सर ‘म’च्या लगेच उजवीकडे ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबलं. रायटरमध्ये असं केलं की अक्षराच्या जागी त्याचा युनिकोड क्रमांक येतो. पुन्हा दाबलं की अक्षर परत. क्रमांक आला ०९२ई. म्हणजे खरा देवनागरी म. युनिकोडमध्ये देवनागरीची वस्ती ०९०० पासून ०९७एफ पर्यंत आहे. जुन्या फॉन्टात त्या वस्तीत कोणी राहतच नाही. त्याची मराठी वळणं इंग्रजी अक्षरांच्या घरांत भरलेली असतात. रायटरला या फॉन्टात ‘म’ सापडला नाही, म्हणून त्यानं गुपचूप दुसऱ्या फॉन्टातून उसना आणला. चौकटीत नाव मागितलेल्या फॉन्टाचं, कागदावर अक्षर उसन्याचं.

मग त्याच पानावरची दुसरी ओळ घेतली आणि तिला एरियल दिला. ‘मराठी’ या शब्दाच्या जागी इंग्रजी छोटा ई, जे, के, मोठा बी आणि एच उमटले. ती ओळ कृतिदेव या जुन्या फॉन्टात टाइप केलेली होती, आणि संगणकाच्या लेखी ती मराठी कधी नव्हतीच. ताई हसल्या. “म्हणजे मी इतकी वर्षं इंग्रजी टायपिंग करत होते म्हणा की.”

याच्या जोडीला आणखी एक गाठ होती. रायटर प्रत्येक परिच्छेदासाठी रोमन लिपीचा फॉन्ट वेगळा आणि देवनागरीसारख्या जोडाक्षरी लिपींचा वेगळा लक्षात ठेवतं. वर्डमध्येही फॉन्टच्या खिडकीत अशा दोन जागा असतात. कोऱ्या पानावर कळफलक इंग्रजीत असताना फॉन्ट निवडला, तर तो रोमनच्या खात्यात जमा होऊ शकतो. मग मराठीवर येऊन टाइप करायला लागलं की दुसऱ्या खात्यातला ठरलेला फॉन्ट येतो. माणसाला वाटतं मेनूनं ऐकलं नाही.

यावर उपाय कोरडे आहेत. भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटची, म्हणजे जोडाक्षरी लिपींच्या खात्याची, खूण केली, रायटरच्या मूळ फॉन्टांत त्या लिपींसाठी मुक्ता हा युनिकोड फॉन्ट ठरवला आणि कोर्टाच्या कागदांसाठी एक साचा करून त्याच्या परिच्छेद शैलीत दोन्ही खाती भरून टाकली.

निकाल

१,०८६ मधले सुमारे दीडशे उरले. जुन्या फॉन्टांपैकी छापखान्याला लागणारे तेवढे ठेवले, बाकी एका बाहेरच्या फोल्डरमध्ये. युनिकोडसाठी मुक्ता, बलू, नोटो सान्स देवनागरी आणि आयआयटी मुंबईचा शोभिका, असे मोफत आणि उघड परवान्याचे बसवले. त्या पेन ड्राइव्हवरचे फॉन्ट कुणी, कुठल्या परवान्यानं वाटले होते, हे त्या मुलालाही सांगता आलं नसतं. नमुना पुन्हा चालू केला. यादी सरकते.

जुनी पानं युनिकोडमध्ये आणायला ताईंनी परिवर्तक वापरून पाहिला. ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘कोऱ्या’ या शब्दांतला ऱ्य बहुतेक ठिकाणी बिघडला, म्हणून आता ताई परिवर्तनानंतर आधी तेवढेच शोधून दुरुस्त करतात आणि मग बाकीचं वाचतात. दिवाळी अंक मात्र जुन्याच फॉन्टात गेला. छापखानेवाल्यांनी युनिकोड नको म्हणून सांगितलं. तिथं आमचं काही चाललं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

फोन आला तेव्हाच दोन ओळी लिहायला हव्या होत्या : एक, यादी अडकते, दोन, नाव बदलतं पण अक्षर नाही. दुसरीसाठी ऑल्ट आणि एक्स हे फोनवरसुद्धा सांगता आलं असतं, दोन मिनिटांचं काम.

‘काकांच्या लॉगिनवर चालतं’ ऐकल्यावर पुढचा प्रश्न ‘तुमच्या लॉगिनवर नवं काय आलं?’ हा असायला हवा होता. मी त्याऐवजी मला ठाऊक असलेल्या एका फोल्डरकडे धावलो.

सेफ मोडमधली चाचणी अडकण्याच्या जागेपर्यंत नेली असती तर प्रोफाइलला हात लागला नसता. आणि प्रत ठेवण्याचं बटण. त्याबद्दल ताईंनी मला नंतर कधी टोकलं नाही, पण आता दर महिन्याला त्या स्वतः प्रोफाइलचं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतात आणि तारीख त्याच दिनदर्शिकेच्या पाठीवर लिहितात.

अर्ध्या-अर्ध्यानं चाळण्याबद्दल मी अजून द्विधेत आहे. यादीतलं शेवटचं नाव आधी टिपलं असतं तर पहिले अडीच तास वाचले असते. पण नमुना रेखाटताना प्रोग्राम पडद्यावर दिसणाऱ्यापेक्षा थोडा पुढचं उघडत असेल, तर ते नाव फसवूही शकतं. पुढच्या वेळी आधी नाव, नाही जमलं तर चाळणी.

एक कुरबूर अजून बाकी आहे. एका साच्यात फॉन्ट तोच असून काही ओळींतला ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचा येतो. त्या ओळींची भाषा हिंदी म्हणून नोंदलेली असणार. काही फॉन्टांत मराठी वळणं वेगळी भरलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी असेल तरच ती बाहेर येतात. ताईंना सांगितलंय, साचा पाठवा. कोर्टाला सुट्टी लागली की पाठवते म्हणाल्या.